विलासकाकांनी सांगितलेला पासवर्ड

मागच्या शनिवारी दुपारी मी रुआबांधा वस्तीत सुनंदाकाकूंच्या पुढच्या खोलीत नवा कॉम्प्युटर जोडत होतो. तासाभराचं काम आहे असं सांगून गेलो होतो...

सुनंदाकाकूंचे मिस्टर विलासकाका स्टील प्लांटमध्ये ऑपरेटर होते. ड्यूटी संपली की गळ्यात कॅमेरा. आमच्या बुद्धविहारातला एकही कार्यक्रम, एकही लग्न त्यांनी सोडलं नाही. ते सगळे फोटो एका जुन्या फाइल सर्व्हरमध्ये आहेत... म्हणजे कपाटावर ठेवलेला, घुर्रघुर्र आवाज करणारा एक काळा डबा. कॉम्प्युटरवरून त्यात लॉगिन करायचं, मग फोटो दिसतात.

काका गेल्या वर्षी वारले. त्यांचा कॉम्प्युटर सुरू केला की डबा आपोआप उघडायचा, त्यामुळे वर्षभर पासवर्ड कोणी टाकलाच नाही. पण तो कॉम्प्युटर आता बंद पडला. आणि रविवारी काकांचा पहिला स्मृतिदिन होता.

काकूंना बॅनरसाठी एकच फोटो हवा होता. नागपूरला दीक्षाभूमीवर काढलेला, निळ्या शर्टातला. तो नाही मिळाला तर प्लांटच्या गेटपासवरचाच लावावा लागणार होता, ज्यात काका उगाच कोणावर तरी रागावल्यासारखे दिसतात.

पासवर्ड काकूंना पाठ होता. दवाखान्यात काकांनी तो त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतला होता... मुलीचं नाव आणि पुढे प्लांटमधला टोकन नंबर. मी एकेक अक्षर बघून टाकला.

"काय म्हनते?" काकूंनी विचारलं.

मी स्क्रीनवर होतं ते वाचून दाखवलं. "पासवर्ड चुकीचा आहे म्हणतो."

मग कॅपिटल करून पाहिलं, स्मॉल करून पाहिलं, मध्ये जागा सोडून पाहिली. केबल बदलली, डबा बंद करून पुन्हा सुरू केला. उत्तर तेच. मी घाबरलो की मला गप्प बसवत नाही, काहीतरी बोलून टाकतो. तसंच म्हणालो, "काकांनी नंतर बदलला असेल..."

काकूंनी कीबोर्डवरून नजर उचलली. "बदलला, तं मले कावून नाही सांगितला?"

मी केबल पुन्हा काढून घातली.

"तीन बहिनी हायेत त्याइच्या. सांगितला असंल एखादीले." मग आतल्या दाराकडे वळून जरा मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकून राहिल्या ना, माय? तीस वर्षं संसार केला, पन तुमच्या पोरानं मले परकीच समजलं."

आत त्यांच्या सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मी सामान आवरलं आणि निघालो.

रविवारी विहारात बॅनरवर गेटपासचाच फोटो होता. वंदना झाली, मग आदरांजली. आमच्याकडे माइक एकेकाकडे फिरतो, आणि शेवटी घरच्या बाईनं दोन शब्द बोलायचे असतात. काकांचे मित्र बोलले. तिन्ही बहिणी बोलल्या, सगळ्यात धाकटी तर रडलीच. माइक काकूंपाशी आला. त्यांनी तो हातातही घेतला नाही, नुसती मान हलवली आणि पुढे जाऊ दिला.

लोकांना वाटलं, दुःखामुळे. मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो... मला माहीत होतं कशामुळे.

मला रात्रभर चैन पडेना. माझं शिक्षण बीसीएच्या दुसऱ्या वर्षात सुटलं, जे येतं ते करून-बघून आलेलं आहे. त्यामुळे मी एखादी गोष्ट सोडली की ती मला सोडत नाही. सोमवारी मी माझा जुना लॅपटॉप घेऊन पुन्हा गेलो. त्यात अजून एक्सपी ही जुनी सिस्टीम आहे, काकांच्या कॉम्प्युटरमध्ये होती तीच. त्यावर तोच पासवर्ड टाकला, मुलीचं नाव आणि टोकन नंबर...

पहिल्या झटक्यात उघडलं.

पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. नवा कॉम्प्युटर पासवर्ड नव्या पद्धतीनं पाठवतो आणि त्या जुन्या डब्याला फक्त जुनी पद्धत कळते. दोघांचं जुळलं नाही, की स्क्रीनवर येतं 'पासवर्ड चुकीचा'.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे त्याइनं बरोबर सांगितला होता?"

"हो काकू. एकदम बरोबर."

त्या फोटो बघायला थांबल्या नाहीत. सरळ आत गेल्या. मला बाहेर ऐकू येत होतं. "माय, पासवर्ड बरोबर होता."

"मले काय सांगतं," सासूबाई म्हणाल्या. "माह्या पोराले म्या वाढवलं, त्या डब्यानं नाही. जाय, त्या बाहेरच्या पोराले चाय दे."

काकू चहा घेऊन आल्या. तोवर मी जुन्या लॅपटॉपमधून फोटो नव्या डिस्कवर उतरवायला लावले होते. निळ्या शर्टातला फोटो सापडला... काका कशाला तरी हसतायत, आणि काठावर काकूंचा अर्धा खांदा आलाय. काकूंनी तो बराच वेळ बघितला.

"काल माइक आला होता माह्यापाशी," त्या म्हणाल्या. "आठ दिवसापासून मनात जुळवून ठेवलं होतं, काय बोलाचं ते."

मग त्यांनी माझा रिकामा कप उचलला.

फोटो सगळे सुखरूप उतरले, त्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. ते ऐकताना मला लाज वाटली. माझं घर इथून जवळच, कुरुदला आहे, शनिवारीच जाऊन लॅपटॉप आणता आला असता. तेही जाऊ द्या... त्या दिवशी मी त्यांना एवढंच म्हणायला हवं होतं, "काकू, का उघडत नाही ते मला अजून कळलेलं नाही."