पिंजऱ्यापुढच्या सुइणी

बाळंतपणाची वाट पाहत बसणं हे आमचं निम्मं काम. त्या वेळात बाया बोलत राहतात, आणि घरी जाताना एखादी गोष्ट पदराला चिकटून येतेच. ही गोष्ट मात्र एका सुट्टीच्या दिवसाची. मी तेव्हा देवरीच्या दवाखान्यात नर्स होते. खेड्यांतल्या सुइणींना घेऊन ट्रेनिंगसाठी नागपूरला गेले होते. रविवारी सुट्टी मिळाली, म्हणून त्यांना प्राण्यांची बाग दाखवली.

*

पहिला पिंजरा मोराचा. आमच्यातली सगळ्यांत बोलकी पार्बता बराच वेळ बघत राहिली.

"धानातून याले हाकलून हाकलून आमी थकलो. आन इथं बसवून धान चारून राहिले."

*

हौदात मगर पडली होती. हलेना, डुलेना. एकीनं विचारलं, "मेली का वं?"

"मेली नाही," पार्बता म्हणाली. "आमचे मालक असेच पडतेत, सरपण फोडाले बलावलं का."

*

एक हरणी गाभण होती. पार्बतानं रखवालदाराला गाठलं. "इचं बाळंतपण कोण करते?"

"कोण करणार बाई? तिची तीच मोकळी होते."

पार्बता माझ्याकडं वळली. "मंग नर्सबाई, आमालेच कायले शिकवून राहिले?"

 

*

सुइणींतली सगना मात्र सकाळपासून मागंमागंच चालत होती. तिचा नवरा वाघानं नेला, तेव्हापासून ती जंगलाच्या वाटेनं गेली नव्हती. ट्रेनिंगनंतर तिला मिळणार होती ती गावं नेमकी जंगलापलीकडची. नाही म्हटलं तर काम जाणार, आणि घरी दोन लहान पोरं. काय ते तिनं सोमवारी सांगायचं होतं.

वाघानं नेलेल्या माणसाचा जीव पुढं वाघांच्याच संगती फिरतो, असं आमच्याकडं मानतात. म्हणून मी म्हटलं, "सगना, तू त्या पिंजऱ्याकडं नको येऊ. इथं बाकावर बस."

"येतो मी, नर्सबाई," म्हणून ती उठलीच.

वाघ येरझारा घालत होता.  सगना गजांसमोर उभी राहिली. तिनं डोक्यावर पदर घेतला, नजर खाली केली, आणि घरात बोलावं तशी हळूच म्हणाली,

"आता मले कामासाठी रोज जंगलातून जा लागन. पोरं लहान हायेत. आडवे येऊ नका जी."