आडवा की बसलेला

पुष्पाताई फोन उचलून कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला असे. “माणूस आडवा हाय का बसलाय?”

खालापुरात माझं ऑक्सिजनचे सिलिंडर घरपोच देण्याचं दुकान आहे. टेंपो एकच. अकरा वर्षं फोनवर ताई होत्या. एकदा कुंभिवलीचा एक म्हातारा चिडला, “आधी नमस्कार तरी म्हण गं बाई!”

“नमस्कार सिलिंडरसंगं पाठवते. तुमी आडवं हाव ना? मग दुपारी.”

दम कोंडलेल्या माणसाला आडवं होता येत नाही. तो उठून, पुढे वाकून बसतो. हे ताई घरीच शिकल्या होत्या. त्यांचे यजमान सदाभाऊ खडीच्या क्रशरवर फुप्फुसं घालवून दहिवलीला घरात पडून असत. बसलेल्याकडे टेंपो लगेच, आडव्याकडे सवडीने. ओळख चालत नसे. माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी थांबवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी फोनवर यंत्र बसवलं. बटण दाबलं की नोंद होते आणि गावांच्या क्रमाने टेंपोचा रस्ताही तेच ठरवतं. त्याआधी ताईंना म्हटलं, गिऱ्हाइकाला जे जे विचारता ते लिहून द्या. त्यांनी नाव, गाव, सिलिंडर लहान की मोठा असे सात प्रश्न लिहिले. आठवा लिहिला नाही. शेजारच्या टेबलावर बसून अकरा वर्षं ऐकलेला तो प्रश्न मलाही आठवला नाही. आम्हा दोघांना ती फोन उचलण्याची रीतच वाटत होती.

सिलिंडर पोचायला सरासरी तीन तास दहा मिनिटं लागत. आता एक तास पन्नास लागू लागली. गिऱ्हाइकं खूश होती. ताईंना मीच घरी बसवलं.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी दहिवलीची नोंद आली. त्या फेरीत दहिवली शेवटची होती. टेंपो एक तास चाळीस मिनिटांत पोचला. सदाभाऊ त्याआधीच गेले होते, भिंतीशी बसल्या बसल्या.

दहाव्याला मी गेलो. “ताई, मला का नाही फोन केलात?”

“ओळखीनं कुणाची गाडी पुढं नेली नाय, भाऊ. माझीच कशी नेऊ?” मग म्हणाल्या, “दुकानाचा फोन दोनदा लावला. गाव विचारलं, लहान का मोठा विचारलं. मला वाटलं, आता विचारंल.”

आता यंत्र सगळ्यात आधी तेच विचारतं.

सिलिंडर पोचला की ते घरच्यांकडून पाचपैकी गुणही मागतं. सदाभाऊ गेले त्या दिवशीही ताईंनी पाच दिले होते. दहाव्याहून निघताना मी त्याबद्दल विचारलं.

“गाडी वेळेत आली, भाऊ. डायवरचे मार्क कशाला कापू?”