साबणाच्या जाहिरातीत वाचलेलं वादळ

मी चौथी पास. लिहिण्यात चुका असतील, संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण एक आधीच सांगतो – आमच्या धुळ्याकडे दर विहिरीला एक भूत आहे, आणि त्यातल्या एकालाही मी कधी मानलं नाही. या हकिगतीतही भूत नाही. एक वर्तमानपत्र आहे... आणि भरदुपारचं ऊन.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. पोटासाठी मी पनवेलला आलो आणि बंदरावरच्या तांदळाच्या वखारीत लागलो. वय विशीचं. समुद्र सोडा, खाडीही आधी पाहिली नव्हती. भरतीचं पाणी वखारीच्या पायरीला लागलं की मी पोत्यांवर चढून बसायचो. अशा परक्या माणसाला हिराजी तांडेलांनी आपल्या घरी जेवायला बसवलं. त्यांचा शिडाचा मचवा होता, आमचा तांदूळ ते मुंबईला नेत. त्यांची बायको बायजाकाकी माझ्यासाठी रोज जास्तीची भाकरी थापायची. पैसे देऊ केले तर म्हणाली, "मंग तुझ्या आयशीला मी काय तोंड दावू?" ते घर नसतं तर मी पहिल्याच महिन्यात परत पळालो असतो.

बदल्यात मला एकच गोष्ट देता येत होती. वखारीच्या शेटजींचा वाचून झालेला पेपर दुपारी मला मिळे. भरतीची वाट बघत बसलेल्यांना मी तो मोठ्याने वाचून दाखवायचो. हिराजीकाकांना अक्षरओळख नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ नारायण सातवी शिकलेला, पण आळशी. "वाचाया मास्तर ठेवलाय ना आमी," म्हणायचा. चौथी पास मास्तर!

त्या वर्षी पाऊस सरल्यावर पेपराने दोनदा वादळ आणलं होतं, मोठमोठ्या अक्षरांत. दोन्ही वेळा मी वाचलं, मचवा थांबला, आणि आभाळ नुसतं निळंशार. दोन खेपा दुसऱ्यांनी नेल्या. तेव्हापासून बंदरावर कुणी उगाच घाबरलं की लगेच – "काय रं, पेपर वाचलास काय?"

दिवाळी होऊन गेली होती. मचवा भरलेला, भरतीला थोडा अवकाश. मी बाजारभाव वाचले, मग त्याखालचा डावा कोपरा – "अरबी समुद्रातील वादळ मुंबईच्या रोखाने सरकत असून लहान होड्यांनी बंदर सोडू नये." सरळ वाचलं. एरवी जोडाक्षराला मी अडखळतोच, तेव्हा अडखळलोही नाही.

नारायण हसत उठला. "तिसऱ्यांदा? आण बघू. कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. बोटाखाली साबणाची जाहिरात होती.

पान उलटलं, पालटलं... कुठेच नाही. मंडळी पोट धरून हसली. "मास्तरला साबणाचा फेस दिसला, वाटला समिंदर!"

हिराजीकाका तेवढे हसले नाहीत. "पोरगा मनाचं वाचत नाय," ते म्हणाले. "मचवा ऱ्हाऊ दे."

"दादा, छापलं व्हतं तवा खोटं निघालं. आता तर छापलेलंबी नाय! आभाळ बघ की."

"मी येत नाय."

"नको येऊ. मी नेतो."

मी नारायणचा हात धरला, अगदी काकुळतीला आलो. त्याने माझी पाठ थोपटली. "घाबरू नको मास्तर. येताना तुला मुंबईहून चष्मा आणतो." आणि दोन खलाशी घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी जे वारं सुटलं, त्याने वखारीचे पत्रे कागदासारखे उडवले. खाडी आत शिरली, पोतीच्या पोती भिजली. मचवा परत आला नाही. एक फळीसुद्धा नाही.

पुढे काही दिवस पेपरच नव्हता. तो आला तेव्हा हिराजीकाका पायरीवर येऊन बसले. मागे काकी, आणि काकीच्या आडोशाला नारायणची बायको. दिवस गेलेले होते तिला. "मास्तर," काका म्हणाले, "आमच्या मचव्याचं काय लिवलंय?"

सगळा पेपर मुंबईने भरलेला. पडलेली झाडं, उडालेली छपरं. पनवेल हा शब्दही नव्हता. मी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि वाचलं – "पनवेलचे नारायण तांडेल व त्यांचे दोन सोबती यांनी अखेरपर्यंत मचवा सोडला नाही. सर्व बंदर शोकाकुल आहे." या वेळी शब्दाशब्दाला अडखळलो.

काकांनी तेवढा तुकडा विळीवर कापून घेतला आणि देव्हाऱ्यात ठेवला. काकीला म्हणाले, "पोरगा मनाचं वाचत नाय."

एका डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, भित्रा स्वभाव, डोक्यावर ऊन, आधीच्या बातम्या मनात घोळत असणार. असेल. पण मग त्याच दिवशी का? आणि फक्त वाचणाऱ्यालाच का दिसावं, ज्याला थांबवायचं त्याला का नाही? ते खरंच छापलेलं असतं तर नारायण थांबला असता का, हेही मला सांगता येत नाही. मी हात सोडायला नको होता, एवढंच राहून राहून वाटतं.

हे मासिक त्या घरात जात नाही, म्हणून इथे लिहितो. देव्हाऱ्यातल्या कागदावर काय आहे ते मला पाठ आहे – मुंबईतला दूधपुरवठा सुरळीत झाल्याची बातमी. इतकी वर्षं काळजी नव्हती. त्या घरात वाचता येणारा एकच होता, आणि तो मचव्याबरोबर गेला.

यंदा नारायणची मुलगी शाळेत जाऊ लागली. परवा भाकरी खाताना पाहिलं, देव्हाऱ्यासमोर बसून ती अक्षरं लावत होती – "मुं... ब..." दुसरं वाचन मी का केलं, ते तिला सांगता येईल. पहिलं कुठून आलं असं तिने विचारलं, तर एवढंच सांगेन – ते वाचताना मी अडखळलो नव्हतो.