अक्कांचा पेन्सिलीचा ठिपका

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधनाच्या फाइली जमा करून घेणाऱ्या अक्कांचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत. खेड्यातून आलेल्या मला संगणकावर तक्ता करायला त्यांनीच शिकवलं. नाव मात्र मी कधी विचारलं नाही. विहिरींच्या पाण्याच्या माझ्या छापील तक्त्यावर पेन्सिलीनं ठिपका देत त्या म्हणाल्या, "‘क ३’ म्हणजे कुठली विहीर? स्वल्प, थोडं तरी लिहा की! तुम्ही गेल्यावर लोकांनी कुणाला विचारायचं?"

"नंतर लिहितो, अक्का."

त्यांनी विश्वासानं फाईल घेतली.

आता एक विद्यार्थिनी आनेकल तालुक्यातल्या त्याच विहिरींच्या पाण्यावर काम करतेय. ‘क ३’ कुठली, असं तिनं विचारलं, तर मलाच आठवेना, विहिरीही बुजल्यात. निवृत्त झालेल्या अक्कांना मी ग्रंथालयामार्फत पत्र पाठवलं:

"अक्का, तुमचा ठिपका कागदावर अजून आहे. त्याच्यापुढं लिहायला आता माझ्याकडे काही नाही."