न ओढताही गरम

"ओढताना गरम होतो, की न ओढताही?"

लेस्टरमधल्या त्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगरेटच्या, दुकानात शिरलं की दुकानदार काकांचा हा पहिला प्रश्न असे. उत्तराआधीच ते गिऱ्हाइकाच्या हातातला व्हेप घेऊन गालाला टेकवत आणि डोळे मिटत. तापलेल्या लेकराचं अंग पाहावं तसं.

मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, सिगरेट सोडायच्या खटपटीत. माझ्या व्हेपला जळका वास येई. काकांनी भिंगातून हवेचं भोक पाहिलं आणि सुईने धाग्यांचा गुंता बाहेर काढला.

"हवा अडली की आतली तार, कॉइल, जास्त तापते. दोष व्हेपचा नाही, तुझ्या जीन्सच्या खिशाचा!"

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "आता तापत नाही ना?" तिसऱ्या दिवशीही आला. तुम्हाला वाटेल तेच मला वाटलं, म्हातारा जरा अतीच करतो.

एकदा हसत विचारलं, "काका, सगळ्यांनाच असे फोन करता?"

ते फडकं घेऊन काउंटर पुसू लागले.

"पलीकडच्या गल्लीतल्या एक इंग्लिश बाई आल्या होत्या. म्हणाल्या, न ओढताच गरम होतो. दुकानात गर्दी होती, मी नीट ऐकलंच नाही. भोक साफ केलं, दिला परत. ओढलं की व्हेप चालू करणारा सेन्सर असतो, त्याला आत ओल लागली होती रे. व्हेप आपोआप चालू राहिला. बसमध्ये, कोटाच्या खिशात पेटला."

बाईंचा उजवा हात भाजला. बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत.

"रागावल्या असतील?"

"नाही ना! तेच तर."

तेव्हापासून दर रविवारी काका त्यांच्याकडे जात. बरण्यांची झाकणं सैल करून ठेवत, आठवड्याची पत्रं फोडून देत, चहा घेऊन परतत. माफीचा शब्द मात्र दर वेळी राहून जाई.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने त्या गेल्या. अंत्यविधीला मी काकांना गाडीतून नेलं. दारात बाईंची मुलगी उभी होती. "तुम्ही आईला कसे ओळखता?" तिने विचारलं. काकांनी टोपी काढून हातात घेतली. मग तीच म्हणाली, "रविवारी येणारे शेजारी तुम्हीच ना? आई तुमचं फार कौतुक करायची." आणि तिने त्यांना मिठी मारली. काकांचे हात तसेच लोंबत राहिले.

त्यानंतर त्यांचं दुकान उघडलं नाही. ते मुलाकडे साउथहॅम्प्टनला गेले, एवढंच कळलं. फोन लागत नाही.

मला आठवते ती त्या दिवशीची परतीची वाट. त्यांच्या घरापुढे मी गाडी थांबवली, तरी काका उतरेनात.

"मी कोण, ते बाईंनी मुलीला सांगितलंच नाही," ते म्हणाले. "आता माफी मागू कोणाची?"

आणि बेल्ट न सोडता ते समोर बघत बसून राहिले.