टाकीची सावली

परवा फोनवर धाकटीने मला विचारलं, "आजी, दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो ना?" मी "नाही" म्हटलं. मागून थोरला ओरडला, "असतो! सगळ्यांना माहीत आहे." तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली, तुम्ही फोन ठेवलात आणि मी इथे कोथरूडमध्ये उत्तर तोंडात घेऊन बसले.

'सगळ्यांना माहीत आहे.' या तीन शब्दांनी मला जेवढा वैताग दिलाय तेवढा महानगरपालिकेनेही दिलेला नाही. म्हणून हे नीट, पहिल्यापासून लिहिते. मधे बोलू नका.

तुम्ही परदेशी गेलात त्या वर्षी घर फार रिकामं झालं. तुम्ही इथे असताना रोज संध्याकाळी प्रश्नांनी माझा जीव नकोसा करायचात, आणि प्रश्न बंद झाले तर मला चैन पडेना. मग मी सोसायटीतल्या मुलांसाठी रविवारी सकाळी तळमजल्याच्या छोट्या खोलीत आकाशाचा वर्ग सुरू केला. फी नाही, खाऊ नाही. एका वेळी एकानेच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर संपेपर्यंत दुसरा विचारायचा नाही, एवढाच नियम. माझी शाळा इंग्रजी. मला ओरायन आधी भेटला आणि तोच आपला मृग हे पुष्कळ नंतर कळलं. त्यामुळे मुलांना दोन्ही नावं सांगायची असं मी ठरवलं होतं.

मुलांचा मला कधीच त्रास झाला नाही. त्यांचे प्रश्न तुमच्यासारखेच असत. पृथ्वी एवढी गरगर फिरते तर आपल्याला चक्कर का येत नाही? कारण ती धक्का न देता, एकाच गतीने फिरते आणि आपण, आपलं घर, हवा, सगळं तिच्याबरोबर फिरतं. बाबांच्या स्कूटरवरून कात्रजला जाताना चंद्र आपल्या मागे मागे का येतो? तो येत नाही. तो इतका लांब आहे की आपण कोथरूडहून कात्रजला गेलो काय आणि न गेलो काय, तो आपल्याला त्याच दिशेला दिसतो. जवळची झाडं मागे पडतात, तो पडत नाही. दिवसा चांदण्या कुठे जातात? कुठेही जात नाहीत. उन्हाने सगळं आकाश उजळतं आणि त्या उजेडात त्या दिसत नाहीत, एवढंच.

त्रास होता तो मोठ्यांचा. वर्ग सुरू होऊन महिना झाला नसेल, तोच दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मुलाची पत्रिका घेऊन दारात उभ्या. "याचा मंगळ कधी सुटेल?"

मी म्हटलं, "अहो, मंगळ कुणाला धरतच नाही, तर सुटणार कसा?"

"असं कसं? तुम्ही ग्रह शिकवता ना?"

मी त्यांना खगोल वेगळा आणि ज्योतिष वेगळं हे अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, "मग साडेसातीचं तरी सांगाल का?" तुमचे आजोबा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "दक्षिणा घेत जा. एव्हाना सिंहगडाच्या पायथ्याला बंगला झाला असता."

पुढच्याच मीटिंगमध्ये माझ्याविरुद्ध दोन तक्रारी आल्या. एक, मी सोसायटीच्या खोलीत ज्योतिष सांगते. दुसरी, मी मुलांना ज्योतिष खोटं आहे असं सांगते. दोन्ही तक्रारी सेक्रेटरींनी एकाच गंभीर आवाजात वाचून दाखवल्या आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं कारण निराळंच होतं. ज्येष्ठ मंडळींना त्या खोलीत कॅरम हवा होता.

सेक्रेटरी निवृत्त इंजिनियर. माणूस सरळ, पण आपल्याला न पटलेली गोष्ट जगात घडत नाही अशी त्यांची ठाम समजूत. ते म्हणाले, "वहिनी, मुलं हल्ली वाट्टेल ते बोलतात. माझ्या पुतण्याचा मुलगा सांगत होता, मे महिन्यात एक दिवस सावलीच नाहीशी होते म्हणे. तुम्ही शिकवलंत?"

"हो. शून्य सावलीचा दिवस. पुढच्याच आठवड्यात आहे."

"मी पंचावन्न मे महिने काढलेत पुण्यात. माझी सावली कधी गेली नाही."

"तुम्ही कधी बघितलीत?"

मीटिंगमध्ये हशा झाला, आणि तो मला महागात पडला. सेक्रेटरींनी फाईल मिटली. "ठीक आहे. दाखवा. गच्चीवर, सगळ्यांसमोर. सावली गेली तर खोली तुमची. नाही गेली तर रविवारपासून कॅरम."

मी लगेच हो म्हटलं. यात पैज कसली? सूर्य काही कमिटीचा मेंबर नव्हता, की ऐन वेळी गैरहजर राहील. पण घरी आल्यावर मी वेळेचं गणित तीनदा तपासलं. रविवारची सकाळ गेली तर आठवड्यात माझ्याकडे दुसरं काय उरणार होतं, हे मला चांगलं माहीत होतं.

आता धाकटीचं उत्तर. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतच नाही. तुमच्याकडे तर तो कधीच येत नाही. वर्षभर दक्षिणेकडे कललेलाच असतो, कारण तुम्ही फार उत्तरेला राहता. पुण्यात तो वर्षातून दोनदा येतो. एकदा मेच्या मध्याला, सूर्य उत्तरेकडे जात असताना, आणि पुन्हा जुलैच्या शेवटी, परतताना. जुलैत इथे ढगांमुळे सूर्य आहे की नाही हेच कळत नाही, म्हणून मे. आणि मेमध्येसुद्धा बारा वाजता नव्हे. साऱ्या भारताचं घड्याळ अलाहाबादजवळच्या एका रेषेवर लावलेलं आहे. पुणे त्या रेषेच्या बरंच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा पोचतो. त्या दिवशी तो डोक्यावर येणार होता बारा वाजून एकतीस मिनिटांनी.

हीच वेळ मी सोसायटीच्या सूचनांच्या फळ्यावर लावायला स्वच्छ अक्षरात लिहून सेक्रेटरींकडे दिली. इथे माझं काम संपलं असं मी समजले.

त्या दिवशी मी पावणेबारालाच गच्चीवर गेले. गच्चीचा निम्मा भाग सेक्रेटरींच्या आईने कुरडयांनी व्यापला होता. वय ऐंशीच्या वर, सगळी सोसायटी त्यांना मावशी म्हणे. कावळे हाकलायला हातात काठी घेऊन त्या पाण्याच्या सिमेंटच्या टाकीला टेकून, टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. मी पाट ठेवला, तो सपाट आहे की नाही हे ताटलीत पाणी घालून बघितलं, आणि त्यावर बाटली, लाटणं, स्टीलचा उंच पेला अशा वस्तू सरळ उभ्या केल्या.

बाराच्या ठोक्याला जिन्यात पावलं वाजली आणि अख्खी सोसायटी वर आली. मला आधी बरंच वाटलं. मग सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, पाटाकडे बघितलं आणि म्हणाले, "ही काय सावली! चांगली दोन बोटं आहे."

"अहो, अजून अर्धा तास आहे."

"फळ्यावर बारा लिहिलंय."

"मी बारा एकतीस लिहिलं होतं!"

"ते मी दुरुस्त केलं," ते म्हणाले. अगदी सहज, माझ्यावर उपकार केल्यासारखं. "मध्यान्ह म्हणजे बारा. एकतीस हे काय, एस.टी. सुटायचीय का?"

मी कपाळाला हात लावला. रेखांश, घड्याळ, अलाहाबाद, सगळं सांगायला सुरुवात केली, पण पुण्यात दुपारी बारा वाजता लोक उन्हात उभे राहून भूगोल ऐकत नाहीत. पाय भाजत होते. कुणाची आमटी गॅसवर होती. "पोळ्या गार होतायत," एकजण म्हणाले आणि सगळे जिना उतरू लागले. मुलं "थांबू या ना" म्हणत होती, त्यांना हाताला धरून नेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई जाता जाता मला म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. शनी वक्री आहे सध्या."

गच्चीवर राहिले मी, पाट आणि मावशी. मी खाली जाऊ शकले असते. पण मी आत्तापर्यंत कुठलंही काम अर्धवट सोडलेलं नाही आणि या लोकांपायी सोडणारही नव्हते. सावली बारीक बारीक होत गेली. दोन बोटांची एक झाली, मग रेघ, मग बाटलीच्या बुडाशी नुसती कड. आणि मग काही नाही. लाटणं उभं होतं आणि त्याला सावली नव्हती. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेली गोष्ट मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हानेही असेल.

तेवढ्यात मागून मावशी कडाडल्या. "अगं ए, माझी सावली कुठं गेली? अंगावर ऊन आलं ना!"

टाकीच्या भिंतीला चिकटून बसल्या होत्या त्या, पाय पोटाशी घेऊन, आणि तरी सगळं ऊन त्यांच्यावर. त्यांनी टाकीला काठीने ठोकलं, जणू टाकीनेच सावली लपवली असावी. मग उठून टाकीला एक फेरी मारली. "चारी बाजूंनी ऊन! या टाकीला सावलीच नाही!"

"तेच तर मी सकाळपासून सांगतेय, मावशी."

"मग ओरडून सांगायचंस!" म्हणत त्या जिन्याकडे गेल्या आणि तिथूनच मुलाला हाका मारू लागल्या. सेक्रेटरी जेवत होते. आईची हाक म्हणून उष्ट्या हाताने वर आले, पण येईपर्यंत पाऊण वाजायला आला होता. सूर्य पश्चिमेला उतरला होता, आणि बाटलीच्या दुसऱ्या बाजूला बोटाच्या रुंदीची सावली पुन्हा आली होती.

"आहे की सावली," ते म्हणाले.

जे बोलावंसं वाटत होतं ते मला मराठीत येतं हे लोकांना माहीत नाही, म्हणून मी पेला पुसायला घेतला. मावशींनी मात्र त्यांना विचारलं, "मी खोटं बोलते का रे?"

"तसं नाही, आई—"

"माझ्या अंगावर ऊन आलं होतं की नव्हतं?"

सेक्रेटरींची अडचण झाली. माझ्याकडे वळून म्हणाले, "मग आता काय, पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबायचं?"

इथे माझी पंचाईत झाली. मी सगळ्यांना सांगितलं होतं, पुण्यात वर्षातले दोनच दिवस. पण सूर्य एका दिवसात उत्तरेला सरकतो तो स्वतःच्या रुंदीच्या जेमतेम निम्मा. म्हणजे दुसऱ्या दिवशी लाटण्याची सावली केसाएवढी पडली असती, कुणाला दिसलीही नसती. काटेकोर बोलायचं तर तो शून्य सावलीचा दिवस नव्हे. पण काटेकोरपणापायी खोली घालवायची का? मी म्हटलं, "उद्या या. जवळजवळ तसंच दिसेल."

"जवळजवळ?" त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे दिवस नक्की कुठला, आजचा की उद्याचा?"

"आजचा! तुम्ही जेवायला गेला होतात तो!"

दुसऱ्या दिवशी कोण येणार होतं? पण मावशींनी घरात जाहीर केलं की पाऊण वाजेपर्यंत कुणालाही ताट मिळणार नाही. सेक्रेटरींना मिळणार नाही म्हटल्यावर कमिटीला एकट्याने जेवण जाईना. मुलांनी आपापल्या घरी तोच हट्ट धरला. सव्वाबाराला सगळे वर, टोप्या, छत्र्या, कपाळाला आठ्या. तुमचे आजोबासुद्धा आले, गॉगल लावून. मला हळूच म्हणाले, "गेली नाही तर मी तुला ओळखत नाही."

सेक्रेटरी पाटाजवळ उकिडवे बसले. त्यांनी लाटणं ओळंब्याने तपासलं, बाटली स्वतः हाताने सरळ केली. मी वेळ सांगितली नाही. ते स्वतःच घड्याळ बघत होते. सावली आत आत गेली. मुलं मोठ्याने मोजायला लागली, मी त्यांना गप्प केलं. आणि मग ती गेली. सेक्रेटरींनी पेला उचलला, खाली बघितलं, परत ठेवला. उभे राहून स्वतःच्या पायांकडे बघितलं. सावली होती ती फक्त दोन पावलांभोवती, डोक्या-खांद्यांची, पायपुसण्यासारखी.

"हं," ते म्हणाले. मग, "तुमचं गणित अर्ध्या मिनिटाने चुकलं, वहिनी." आणि मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "मुंबईला कधी होतं हे?"

"आपल्यानंतर. ती उत्तरेला आहे ना. एक-दोन दिवसांनी."

"आपल्यानंतर!" वळून त्यांनी ते सगळ्या गच्चीला ऐकवलं. त्यांचा चेहरा इतका उजळला की खोलीचा विषय मला काढावाच लागला नाही. "वर्ग चालू द्या. कॅरम दुपारी ठेवू."

मावशी टाकीला टेकून बसल्या होत्या, पुन्हा भर उन्हात. मी त्यांना म्हटलं, "मावशी, आता दोन-अडीच महिने दुपारी टाकीच्या दक्षिणेला सावली पडेल. तिकडे बसा."

"किती पडेल?"

"जूनमध्ये वीतभर."

"वीतभर?" त्यांनी माझ्याकडे आणि वर सूर्याकडे आळीपाळीने बघितलं. "एवढं शिकलीस, सूर्य कुठं जातो ते मिनिटावर सांगतेस, आणि म्हाताऱ्या बाईला बसण्यापुरती सावली नाही सांगता येत तुला?"

मी माझी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली. तिची सावली बरोबर तिच्याखाली पडली, काठोकाठ, मावशींना पुरेल एवढी.