दोन ठोके

आमचे शिंपी, म्हणजे मास्तर, रोज सकाळी बायकोला सांगायचे, "खाली जाऊन येतो." खाली म्हणजे दुकानात. चौदा पायऱ्या. शेजारी माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, पलीकडे वाणी, समोर दवाखाना. अख्ख्या गल्लीचा संसार चपला न घालता चालायचा.

त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, दमा होता. खाली निरोप द्यायचा असला की त्या काठीने जमिनीवर ठोकायच्या. एक ठोका म्हणजे जेवायला या, दोन म्हणजे धाप लागलीय, असाल तसे या. दोन पडले की मास्तर गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप तशीच टाकून वर पळायचे. "सुटला बघा हुकूम!" मी चिडवायचो.

मग शहाण्यांनी नकाशा काढला. माणसांनी एकीकडे राहायचं, धंदा दुसरीकडे करायचा. गल्ली पाडली. मास्तरांना घर मिळालं गावाबाहेर, नवव्या मजल्यावर, आणि गाळा बाजारात, माझ्याच शेजारी. मधे दोन बस, दीड तास. घरातच मशीन ठेवू द्या म्हणून त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं, राहत्या इमारतीत धंदा चालणार नाही, आवाजाचा त्रास होतो. त्या कागदाचा मला आजही संताप येतो.

तरी मास्तर निघताना "खाली जाऊन येतो" असंच म्हणायचे. वहिनी हसायच्या, "फारच खोल गेलं हो तुमचं खाली."

त्या मंगळवारी मास्तरांनी दुपारी तीनदा फोन केला. वहिनींनी उचलला नाही. "झोपल्या असतील," मीच म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही. चार वाजता त्यांना राहवेना, तेव्हा मीही सोबत निघालो. दार उघडलं तेव्हा साडेपाच झाले होते.

वहिनी पलंगाजवळ पडल्या होत्या. अंग गार. फोन उशाशी तसाच. जीव घुसमटला तेव्हा हात जुन्या सवयीने काठीकडेच गेला होता. काठी मुठीत होती आणि फरशीचा टवका उडाला होता.

तेवढ्यात आठव्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. त्यांना आतलं काही दिसलं नव्हतं.

"काम काढलंय का हो? दुपारी केवढी ठोकाठोकी! शेवटी मी वॉचमनकडे तक्रार केली."

मास्तर दारात आले. "दोन-दोनच होते ना?"

"काय?"

"ठोके."

गृहस्थांनी जरा आठवलं.

"हो," ते म्हणाले. "दोन-दोनच."